पानाची सावली

"आता तर दिसायला लागलंय तुला, अक्पेने! भांग असा सरळ पाड, की मुंगीसुद्धा वाट चुकायची नाही," सेनाची आत्या म्हणाली, आणि अंगणातल्या बायका हसल्या.

केटा गावच्या खाडीकाठी, कडुलिंबाखाली, सेना बुटक्या स्टुलावर बसली होती. उद्या तिचं लग्न. मागे कंगवा घेऊन अक्पेने उभी. जन्मापासून आंधळी, पण गेली वीस वर्षं गावातल्या प्रत्येक नवरीच्या वेण्या तिनेच घातल्या होत्या, बोटांनी बघून. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली.

अक्पेनेने डोळे सताड उघडे ठेवले. काळ्या केसांवर एक स्वच्छ कड दिसली. ती धरून तिने कंगवा ओढला.

"अगं, हे काय?" आत्या उठलीच. भांग थेट कानाकडे वळला होता. वारा आला, फांदी हलली, आणि ती कडही हलली.

"सावली धरून गेली की गं ही!"

या वेळी कोणी हसलं नाही. सेनाने हळूच डोक्यावर हात ठेवला.

अक्पेनेने डोळे मिटून घेतले. आईचा हात लगेच खांद्यावर आला. "उघड. डॉक्टर काय म्हणाले? डोळे साफ झालेत, पण बघायचं कसं ते मेंदू अजून शिकलेला नाही. मिटून बसलीस तर तो कधीच शिकायचा नाही."

"तो शिकेपर्यंत मी काय करू, आई?"

"तीस वर्षं उपास केले मी या डोळ्यांसाठी."

"मला नुसते तुकडे दिसतात गं. तू बोललीस की मग कळतं, हे तुझं तोंड."

अक्पेनेने मिटल्या डोळ्यांनी पुन्हा भांग पाडायला घेतला. पण पापण्यांतून लाल उजेड आत येत होता, आणि जरा कुठे आवाज झाला की डोळे आपोआप उघडत. दोनदा तिचा हात घसरला.

सेनाने खांद्यावरचं फडकं काढून मागे धरलं. आईने ते हातात घेतलं. मग अक्पेनेच्या डोळ्यांवर बांधून गाठ तिनेच मारली.

"मी फाटकाशी थांबते. कोणी आलं तर खोकेन," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांसाठी प्रार्थनेला बसायच्या चर्चच्या त्या सगळ्याजणी. त्यांना हे दिसायला नको."

अक्पेनेची बोटं सुटली. वाकडा भांग मोडला, सरळ पडला. एक वेणी झाली, दुसरी, चौथी. ती गुणगुणू लागली.

फाटकाशी आई खोकली.

अक्पेनेने फडकं गळ्याशी ओढलं. उजेड एकदम अंगावर आला.

"काय अक्पेने, दिसतंय ना आता सगळं?" चर्चच्या बायका आत येत म्हणाल्या.

"दिसतंय की," ती हसून म्हणाली, आणि सेनाच्या खांद्यावर पडलेली पानाची सावली बोटांनी झटकू लागली.