तिथीची पाऊणपट

सुरभी लग्न होऊन रोह्याला गेली, ते साल दोन हजार एकोणीस. त्याच साली पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिचा बाप गणेश भर दुपारी कौलांवर चढला होता. कालच्या गुढीची काठी त्यानं अँटेनाच्या पाइपाला बांधली. अँटेना आणखी चार हात वर गेली.

"दिसतं का, आये?" तो वरून ओरडला.

"मुंग्या!" गिरजाबाई आतून म्हणाली. "नुसत्या मुंग्या."

शेजारची मैना पापड वाळत घालत होती. "गणेशभाऊ, अजून वर नको जाऊस. विमान अडकंल तुझ्या काठीला."

गणेशला हसू आलं नाही. दीड वाजता टीव्हीवर मिठागरांचा कार्यक्रम होता. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून माणसं आली होती आणि त्याच्या बापाचं, विठूचं आगर कॅमेऱ्यात टिपून गेली होती. ते आगर आता उरलं नव्हतं. गेल्या श्रावणात बाहेरचा बांध फुटला आणि धरमतरची खाडी आत आली. घरापुढचा बांध तेवढा राहिला. विठूला ते बुडताना दिसलंही नाही. त्याआधीच अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. दोन वर्षं तो खाटेवरच होता. आगर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच तो आठवडाभर म्हणत होता.

गणेश खाली उतरून दारात आला. "बांध फुटल्यापासनं हेच. पेणचा मेकॅनिक वायर बदलून गेला, बूस्टर लावून गेला. कधी आरशासारखं दिसतं, कधी कायच नाय."

खाटेवरून विठू बोलला. झटक्यानंतर त्याचे शब्द सावकाश येत. "परवा कधी गेलं?"

"बाराच्या टायमाला."

"काल?"

"पाऊण वाजला व्हता," गिरजाबाई म्हणाली. "पाडव्याची ताटं वाढत व्हते मी."

विठूनं चालत्या हाताची बोटं चादरीवर टेकवली. "आज बीज. दोनाची पाऊणपट दीड. दीडला पुरतं जाईल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब खाडीकाठच्या पोराला शाळेआधी येतो. अवसेला बारा, प्रतिपदेला पाऊण, बीजेला दीड. गणेशलाही तोंडपाठ होता. तो टीव्हीला कुणी लावून पाहिला नव्हता.

त्यानं मागं वळून बघितलं. घरापुढच्या बांधापलीकडं पाणी काठोकाठ आलं होतं आणि उन्हात डोळे दिपवत होतं.

"बाबा, तुमाला कसं कळलं? दोन वर्षं खाडी बघितली नाय तुमी."

"रोज बघतोय," विठू म्हणाला. "मुंग्या आल्या की भरती. सरल्या की ओहोटी."

गिरजाबाईनं टीव्हीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. हातातलं भांडं तिनं हळूच खाली ठेवलं.

"अँटेना खाली घे," विठू म्हणाला.

"खाली? लोक वर चढवतात, बाबा."

"भर उन्हात मीठ पिकलं का ते कसं बघतोस?"

"बांधाआड बसून."

"का?"

"पाण्याची तिरीप डोळ्यांत जाते. उभ्यानं कायच दिसत नाय."

"मग तिलाबी बसव."

गणेश पुन्हा कौलांवर गेला. गाठी सोडायला वेळ नव्हता. कोयत्यानं दोरी कापून त्यानं अँटेना उतरवली आणि वायर ओढत अंगणात आणली. एवढ्यात गिरजाबाईचा फोन वाजला. रोह्याहून सुरभी ओरडत होती, त्यांच्या डिशच्या छत्रीवर स्वच्छ दिसत होतं. "आजी, लागलं गो! आगर दाखवतायत!"

गणेशनं अँटेना डोक्यावर धरली. मुंग्या. छातीशी आणली. मुंग्या.

"अजून," खाटेवरून आवाज आला.

तो गुडघ्यावर बसला. आता मान वळवली की त्याला बांधाचा काठ दिसत होता आणि वर आभाळ. पाणी दिसत नव्हतं. आत मुंग्या विरळ झाल्या. त्यांतून एक पांढरी रास दिसली, मग दुसरी. मग बांधावरून चालत येणारा एक माणूस, खांद्यावर लाकडी फावडं.

"अवो," गिरजाबाई म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "अवो, चालताय तुमी."

विठू त्या माणसाकडं बघतच नव्हता. "तो तिसरा वाफा," तो म्हणाला. "त्यातच आधी पिकायचं. बघ, पिकलाय."

गणेश अंगणात तसाच बसून राहिला. हात हलला की चित्र हलत होतं. उघड्या दारातून त्याला टीव्हीवरचं आगर दिसत होतं, कोरडं, पांढरं, राशी लागलेलं. तेच आगर त्याच्या पाठीमागं, बांधापलीकडं, पुरुषभर पाण्याखाली होतं. पाणी बांधाला लागल्याचा आवाज येत होता. त्यानं श्वाससुद्धा बेतानं घेतला.

कार्यक्रम वीस मिनिटं चालला. मैना पापड टाकून कधी दारात येऊन उभी राहिली, ते कुणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी गणेशनं बांधाआड एक बुटका खांब रोवला आणि अँटेना त्यावर बसवली. ती अजून तिथंच आहे.

विठू त्याच साली वैशाख वद्य अष्टमीला वारला. सकाळचे सहा वाजले होते. भरती पुरी झाली होती.