जोडीची रस्सी

रस्सीचं एक टोक दीपिकाच्या कंबरेले होतं, दुसरं निकेशच्या. पुढं पोरगी, मांगं मनकर्णाचा नवरा, आन मधात तनलेली निळी रस्सी. असे दोघं मोहाच्या झाडाखालच्या चौकीवर येऊन थांबले. शेवटची जोडी. बाकीच्या कवाच्याच पुढं गेल्या होत्या.

मनकर्णा खुर्चीवरून उठली. डाव्या टाचेले पट्टी, हातात कुबडी. धानोऱ्याच्या जंगलातली ही पन्नास किलोमीटरची रेस खरं तं तिनं आन निकेशनं जोडीनं धावाची होती. दिवाळीपासून दोघं नवराबायको पहाटे पहाटे पळत होते. मंग तिच्या टाचेत बोराटीचा काटा पिकला, डॉक्टरनं तपासनीत तिले काहाडून टाकलं, आन तिच्या जागी आली ही चंद्रपूरची दीपिका. मनकर्णाच्या वाट्याले राह्यलं चौकीवरचं काम. आलेल्या जोडीचं सामान पाहाचं, रस्सी पाहाची, मंग पुढं सोडाचं.

सोनीबाई आंबील वाटत होती. रस्सी पाहून तिचा हातच थांबला.

"माय वो! हे तं लगनातली गाठ दिसते!"

"तुमी आंबील वाटा, सोनीबाई."

मनकर्णानं निकेशकडं पाह्यलं. "रस्सी उतारासाठी हाये, इथून बांधाची. उतार समोर हाये. तुमी मांगंपासूनच काऊन बांधून आले?"

निकेशच्या आंधी दीपिकाच बोलली. "ताई, निकेश मांगं पडत होता. मी ओढत आनलं, तवा कुठी टाइमात पोचलो."

मनकर्णाले त्यातलं एकच आयकू आलं. गेल्या हप्त्यात ही पोरगी निकेशभाऊ, निकेशभाऊ करत होती.

"भाऊ कुठी सांडला वो?"

"चढावर दम नाई पुरत ना, ताई. नुसतं निकेश सोपं जाते."

सोनीबाईनं पदर तोंडाले लावला. निकेशनं आंबिलीच्या गिलासात तोंड घातलं ते वर काहाडलंच नाई.

"आन तुमी?" मनकर्णा त्याले म्हने. "घरी रस्सी लावून पाहू म्हनलं तं मले का म्हनत होते? मी का बैल हावो? आता बरं ओढून घेतलं?"

"थे प्रॅक्टिस होती."

"मंग हे का हाये? वरात?"

निकेशनं गिलास तोंडाले लावला आन उपडा केला.

"गटगटा नोका पिऊ," मनकर्णाच्या तोंडून निंगूनच गेलं. "पोटात दुखन उतारावर."

मंग तिनं थैल्या तपासल्या. शिटी हाये का, टॉर्च हाये का, पट्टी हाये का. दीपिकाच्या थैलीत सारंच होतं, पानीही भरलेलं. एक चीज कमी निंगाली नाई. मनकर्णाले थेच जास्त झोंबलं.

शेवटी तिनं निकेशच्या कंबरेच्या गाठीले हात लावला. जराशी ओढली तं सरकली. नियम तिले पाठ होता. गाठ सरकत असन तं जोडी पुढं सोडाची नाई.

"ढिल्ली हाये," ती म्हने, आन दोन बोटानं गाठ सोडून टाकली. मंग दीपिकाची सोडली. मोठं बरं वाटलं तिले.

रस्सी हातात घेऊन ती कोपरावर गुंडाळत राह्यली. चौकी बंद व्हाले थोडाच टाइम होता. बंद झाली का जोडी बाद. मनकर्णाले काईच करा लागत नव्हतं. नुसतं उभं राहा लागत होतं.

"ताई, टाइम जाऊन राह्यला," दीपिका म्हनली.

"पाहून राह्यली मी."

निकेशच्या पायाच्या पोटऱ्या थरथरत होत्या. कपाळावर घामाचं मीठ सुकलं होतं. तो नुसता रस्सीकडं पाहत होता, भुकेलं लेकरू ताटाकडं पाह्यते तसा.

दीपिकाले धीर नाई निंगाला. तिनं मनकर्णाच्या हातातून रस्सी हिसकली. "द्या, मीच बांधते. आमचं रोजचंच हाये आता." आन रस्सी पाठीमांगून फिरवाले तिनं निकेशच्या कंबरेभोवती दोन्ही हात टाकले.

मनकर्णानं तिच्या हातावर सपकन चापट मारली.

"हट तिकडं! मी बांधून देते."

कुबडी फेकून ती गुडघ्यावर बसली, दुखरी टाच वर धरून. बैल बांधाची गाठ घातली तिनं, तिच्या बापाकडची. कितीबी हिसका द्या, सरकत नाई. दोन टोकं बाहेर राह्यते, सारखेच दिसते. एक ओढलं का गाठ मोकळी, दुसरं ओढलं का आनखी कसते. घरचे बैल तीच बांधे. निकेशले थे गाठ आजवर कवाच सोडता आली नाई.

मंग तशीच गाठ दीपिकाले.

"आई वो! ताई, जरा हल्लू!"

"उतारावर लागते घट्ट."

मनकर्णानं रस्सीले मधातून हिसका देऊन पाह्यला. दोघंही एक पाऊल तिच्याकडं आले.

"जा आता."

दीपिकानं पोटावरचे दोन टोकं पाह्यले. "ताई, रेस झाल्यावर हे सुटन ना?"

"सुटन. एक टोक ओढा लागते."

"कोनतं?"

मनकर्णानं शिटी तोंडात घातली आन जोरानं वाजवली. चौकी बंद व्हाची शिटी. दोघं दचकून पळाले. उतारावरच्या बांबूत आंधी पोरगी शिरली, मंग रस्सी, मंग निकेश.

सोनीबाईनं आंबिलीचा रिकामा गंज उचलला, वळून पाहते तं मनकर्णा लंगडत लंगडत चौकीच्या जीपकडं निंगालेली.

"अवो, असा पाय घेऊन कुठी चालली?"

"रेसच्या शेवटच्या लायनीवर," मनकर्णा म्हने. "गाठ सोडाले कोनी पायजे का नाई?"