दत्तारामचं गाऱ्हाणं

दत्तारामने दोन्ही हातांत नारळ धरला आणि चाळीच्या देवळासमोर गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मागे सगळी चाळ हात जोडून उभी होती.

"बा देवा महाराजा, खालच्या मशिदीतलो मौलाना ह्या इलेक्शनाक ज्येचा नाव घेयत, त्येका ह्या चाळीतला एकसुद्धा मत पडाक नको. कोणी दिल्यान, तर त्येका तूच बघून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा," चाळ एका सुरात म्हणाली. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं.

पंच्याऐंशी सालची म्युनिसिपालिटीची निवडणूक आठ दिवसांवर आली होती आणि दत्ताराम अपक्ष उभा होता. समोर जुने नगरसेवक भाऊराव होते. पण दत्तारामच्या पोटात दुखत होतं ते मौलाना इद्रिस यांच्यामुळे. घाटकोपरच्या या टेकडीवर पाणी चढवायला त्याने सहा वर्षं वॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवले. त्याच खटपटीत मशिदीच्या गल्लीलाही नळ मिळाला. आणि मान कुणाला? निवडणूक आली की भाऊराव शाल घेऊन मौलानांकडे जात, मौलाना शुक्रवारच्या नमाजानंतर भाऊरावांचं नाव घेत आणि खालची वस्ती डोळे मिटून शिक्का मारी. दत्ताराम घसा बसेपर्यंत ओरडे, तरी त्याची स्वतःची चाळ 'बघू रे' म्हणे. या हेव्याने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याची बायको वनमाला आदल्या दिवशी म्हणाली होती, "गाऱ्हाण्यात सरळ भाऊरावांचं नाव घ्या ना. उगाच फिरवून कशाला?" पण नुसते भाऊराव पडून त्याचं समाधान होणार नव्हतं. त्याला मौलानांचा शब्द पडलेला बघायचा होता.

शुक्रवारी दुपारी मौलाना इद्रिस स्वतःच टेकडी चढून त्याच्या दारात आले. त्यांना धाप लागली होती. वनमालाने पाणी दिलं. मौलाना मूळचे चिपळूणकडचे, मराठी घरच्यासारखी बोलत. मौलाना दत्तारामच्या घरी, म्हटल्यावर अर्धी चाळ दाराशी गोळा झाली.

"दत्तारामभाऊ, आज नमाजानंतर लोकांनी विचारलं, मत कुणाला द्यायचं," मौलाना म्हणाले. "मी तुमचं नाव सांगितलं."

दत्ताराम उठून उभाच राहिला. "माझं? मी तर कधी तुमच्याकडे आलोसुद्धा नाही."

"म्हणूनच. इतक्या वर्षांत माझ्या दारात मतं मागायला न आलेले तुम्ही एकटेच. आमच्या गल्लीत नळ आणलात, तेव्हाही मिरवायला आला नाहीत. म्हटलं, माणूस स्वाभिमानी आहे." ते ओशाळून हसले. "खरं सांगायचं तर जळायचो मी तुमच्यावर. लोक सल्ला मला विचारतात, पण नळाला पाणी आलं की नाव तुमचं घेतात."

ते गेले. दत्तारामचा ऊर भरून आला. ज्याच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली, तो माणूस आपल्यावर जळत होता. खाली वस्ती, वर चाळ, आता भाऊरावांची काय बिशाद, असं म्हणत तो लोकांकडे वळला.

दाराशी कोणीच हसत नव्हतं. म्हाताऱ्या रुक्मिणीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग देवळाकडे बघितलं आणि पदर सावरून ती चालू लागली. तिच्यामागून एकेक जण निघाला. थोड्या वेळाने दार रिकामं झालं.

"फसलो गं," दत्ताराम देवळाकडे बघत म्हणाला. "अख्खी चाळ गेली हातातून."

"चाळीचं राहू द्या," वनमाला हळूच म्हणाली. "गाऱ्हाणं तुम्ही घातलंत. आता तुम्ही स्वतःचं मत कुणाला देणार?"