रजेनंतरचा प्रोग्रॅम

“तू रजेवर गेल्यावर हे वाचणार कोण?” आठल्येसाहेबांनी विचारलं होतं. अख्ख्या विमा कंपनीत हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा एकट्या मृण्मयीला येत होती. तरी तिच्या हट्टाखातर त्यांनी दाव्यांचा छोटा प्रोग्रॅम तिला त्या भाषेत लिहू दिला.

बाळंतपणाच्या रजेवरून ती आज परतली, ती धास्तावूनच. प्रोग्रॅम एव्हाना मोडीत निघालेला असणार. पण फाईल उघडली तर तो जागेवर होता. शिवाय नव्या नियमांची भर पडली होती, त्याच भाषेत, जरा बाळबोध पण अचूक.

“हे कुणी लिहिलं?” तिने शेजारच्या शकीलला विचारलं.

“साहेबांनी. रोज डबा खाताना शिकायचे. आम्हालाही बसवलं, सुटका नव्हती.”

“कच्चंच आहे अजून माझं,” निवृत्तीला आलेले साहेब मागून म्हणाले. “चुका दाखव. पण आधी पाळणाघरात फोन करून घे, मघापासून मोबाईलच बघते आहेस.”