तिसरा तारा

"निघाले का तारे?" सिम्हाबाईंनी पुन्हा विचारलं.

"दोनच दिसतायत," गॅलरीतून हनोख नागावकर म्हणाले. "तिसरा निघेपर्यंत शब्बाथ सुटत नाही."

पदमपुऱ्यातल्या त्या फ्लॅटमध्ये अंधार दाटला होता. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसाव्याचा दिवस; तो सुटेपर्यंत दिव्याचं बटण दाबायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. टेबलावर मनुकांच्या सरबताचा पेला प्रार्थनेसाठी भरून ठेवलेला. सिम्हाबाईंच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती, दुसऱ्यानं धड दिसत नव्हतं. म्हणून या आठवड्यात तारे बघायचं काम नवऱ्याकडं आलं होतं.

"तिन्हीसांज कधीचीच झाली की हो," त्या म्हणाल्या. "नाथान वाट बघत असेल."

दर शनिवारी शब्बाथ सुटला की पहिला फोन इस्रायलला, मुलाला.

"ही वेळ धड दिवस नाही, धड रात्र नाही. शंका असली की शब्बाथच धरायचा."

जिन्यातून शेजारच्या मालनबाई ओरडल्या, "काका, लाइट नाय लावला व्हय अजून? लई अंधार पडलाय!"

"लावतो, लावतो."

हनोखनी कठडा घट्ट धरला. वर सगळं आभाळ ताऱ्यांनी भरून गेलं होतं.

काल संध्याकाळी, सिम्हाबाई आत शब्बाथच्या दिव्यांत तेल घालत असताना, नाथानच्या मित्राचा फोन आला होता. अपघात. नाथान गेला. शब्बाथला शोक करत नाहीत, वाईट बातमी सांगत नाहीत. हनोखनी फोन बंद करून कपाटात ठेवला, तोंड धुतलं आणि नेहमीच्या सुरात प्रार्थना म्हटली. रात्र काढली, आजचा दिवस काढला. पण तारा निघाला म्हटलं की तोंड उघडणं आलं. गॅलरीतून खाली उडी मारता येत नव्हती आणि आत जायला पाय उचलत नव्हता.

"अहो, निघाला का?"

"ढग आलेत."

आत खुर्ची सरकली. भिंत चाचपडत सिम्हाबाई गॅलरीत आल्या आणि कठड्यावरचा त्यांचा हात शोधून त्यावर आपला हात ठेवला.

"निघालाय म्हणा आता," त्या हळूच म्हणाल्या. "काल नाथानच्या मित्राचा फोन आधी मलाच आला होता. 'त्यांना शब्बाथ सुटल्यावर सांग' म्हणून मी त्याच्या हातापाया पडले होते."