अर्धा कॅन

माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या किडनीच्या तपासणीसाठी तिची चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची होती. ते काम सासऱ्यांनी हौसेने अंगावर घेतलं. दहा वर्षं स्वतःच्या रक्ताचा थेंबही कुणाला काढू न दिलेला हा माणूस दिवसभर कॅन घेऊन नातीच्या मागे फिरला.

रिपोर्ट आले आणि डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. "रक्त तर छान आहे. क्रिएटिनिन उतरलंय, साखरही नॉर्मल आहे. मग लघवीत एवढी साखर आली कुठून? उद्या ॲडमिट करून बघू या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. लेक मात्र आजोबांकडे बघत होती आणि आजोबा पंख्याकडे.

"आजोबा, सांगून टाका ना," ती म्हणाली.

सासरे खाकरले. "संध्याकाळपर्यंत कॅन अर्धासुद्धा भरला नव्हता. लॅबवाले पोरीला नावं ठेवतील, म्हणून मी थोडा हातभार लावला."



डॉक्टरबाईंनी ॲडमिटच्या कागदावरचं लेकीचं नाव खोडलं आणि शांतपणे विचारलं, "आजोबा, तुमचं वय किती?"