अंगठा आणि तर्जनीमधली जागा

“डोकं कधीपासून दुखतंय?” ताईनं विचारलं.

“सकाळपासून,” धाकटीनं सांगितलं. डोकं दुखत नव्हतं.

तिनं उजवा हात टेबलावरच्या टॉवेलवर ठेवला. ती बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. बोटांना नेहमी खळ चिकटलेली असायची. ती आज तिनं घासून घासून काढली होती.

ताई घराच्या पुढच्या खोलीतच हात दाबून उपचार करायची. चिनी वैद्यकातले बिंदू ती एका म्हाताऱ्या बाईंकडून शिकली होती. भाऊजी थट्टेनं तिला अंगठाबहाद्दर म्हणायचे. धाकटी आली की तेच चहा आणायचे आणि तीच थट्टा नव्यानं करून स्वतःच हसायचे. आज ते आतल्या खोलीत काहीतरी दुरुस्त करत बसले होते.

भिंतीवर हाताचं मोठं चित्र होतं. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये लाल ठिपका. त्याखालची सूचना धाकटीनंच आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिली होती. गरोदर बाईचा हा बिंदू दाबू नये.

त्या एका ओळीसाठी ती आज आली होती.

दिवस राहून दोन महिने उलटून गेले होते. दाबल्यानं खरंच काही होतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पण दवाखान्यात जायचं तर नाव सांगावं लागणार, सोबतीला कुणीतरी लागणार, आणि लग्न न झालेल्या बाईला पुढचे प्रश्न चुकणार नाहीत. ज्याचं होतं त्याला तिनं सोमवारी सांगितलं. तो नुसतं बघू म्हणाला. त्यानंतर त्याच्याकडून चकार शब्द नाही.

पण हे ताईच्या हातून करून घ्यायचं, याचीच तिला जास्त लाज वाटत होती. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती. वेणी घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ताईची स्वतःची कूस मात्र तीनदा भरली आणि तीनदा रिकामी झाली. तिसऱ्या खेपेला तिनं अर्धवट विणलेलं टोपडं उसवलं, लोकर गुंडाळून ठेवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ताईनं हात हातात घेतला. मनगट, तळवा, एकेक बोट सावकाश मोकळं केलं. मग तिचा अंगठा त्या जागेवर आला आणि थांबला.

“जोरात दाब,” धाकटी म्हणाली. “दुखलं तरी चालेल.”

 ताईला धाप लागल्यासारखी झाली होती. अंगठा तसाच टेकलेला होता. एकदा नख रुतलं. धाकटीनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात ताईची माफी मागितली.

पण जोर आलाच नाही. ताईनं अंगठा काढून घेतला, धाकटीचा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवला आणि टॉवेलची घडी घालू लागली.

“झालं?”

“तिथं आता दाबायचं नाही. सात महिने तरी.”

 धाकटीला उलट्या नव्हत्या, अंगावर काही दिसत नव्हतं, कारखान्यातल्या बायकांनाही संशय आला नव्हता. ताईच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिलाही हुंदका आला.

“तुला कुणी सांगितलं?” तिनं कसंबसं विचारलं. “मी एकालाच बोलले होते.”

“त्यानंच,” ताई म्हणाली. “सोमवारी त्याचं तोंड उतरलेलं दिसलं, म्हणून मी विचारलं. बारा वर्षांचा संसार आहे आमचा.”